सलाइनवरची लिंबोणी

"मामा, खाली चला," मावशी म्हणाली.

मामा तेव्हा ट्रॉली ढकलत एक्स-रेकडे निघाले होते. ट्रॉलीवर पाय मोडलेले एक गृहस्थ होते आणि फरशीचा सांधा आला की ते "हळू हो, हळू" म्हणून ओरडत होते. मामांनी मान न वळवताच विचारलं, "कुणाला न्यायचंय?"

त्यांना कुणी खाली बोलावलं की ते कुणाला तरी न्यायलाच असायचं. मावशी म्हणजे बायकांच्या वॉर्डातली आया. तोंडाची फटकळ, एरवी एकाला चार ऐकवणारी. पण आज तिने मुकाट्याने ट्रॉलीची दुसरी बाजू धरली. तेव्हा मामांच्या लक्षात आलं की ही बायकांच्या वॉर्डातून आली आहे, आणि आपली बायको बायकांच्या वॉर्डात आहे.

"ह्यांना सोडून येतो," ते म्हणाले.

"अहो मामा, मी सोडते ना."

"नको. अर्ध्या वाटेत टाकून कसं चालेल?"

त्यांनी गृहस्थांना एक्स-रेच्या दारापर्यंत नेलं, चाकाला अडकण लावली, कागद आत दिला, "डावा पाय आहे, उचलताना दोघं जण लागा" असं सांगितलं आणि मग जिन्याने खाली उतरले. लिफ्ट वर अडकली होती.

कॉटभोवती पडदा ओढलेला होता. आत नवी सिस्टर उभी होती. "मामा, तुम्ही नका. मी काढते सगळं."

"असू दे. हाताला सवय आहे."

सवय होतीच. उभा जन्म ह्याच इमारतीत गेला होता. माणूस गेलं की ते आधी सलाइनच्या नळीवरचा, धार कमी-जास्त करायचा रोलर खाली ओढून बंद करायचे, मग नळी वर दुमडून तिचं टोक बाटलीच्या गळ्यात अडकवायचे. बाकीचे लोक नळी तशीच लोंबकळत ठेवतात, मग फरशीवर थेंब सांडतात आणि कुणीतरी नातेवाईक घसरून पडतो. मामांच्या बाबतीत तसं कधी झालं नाही. नळी अडकवून झाली की मग ते डोळे मिटायचे, हात सरळ करायचे. आजही त्यांनी त्याच क्रमाने केलं. फक्त हात सरळ केल्यावर तो लगेच सोडवेना.

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "घरून हिचे धुतलेले कपडे घेऊन या. तेवढं करा. बाकीचं आम्ही बघतो."

कपडे गच्चीवर वाळत होते. ते मामांनीच धुऊन टाकले होते, ती घरी आली की लागतील म्हणून. ते गेले, दोरीवरून कपडे काढले, घडी करून घेऊन आले. जाताना कुठल्या रस्त्याने गेलो, गच्चीवर काय केलं, ह्यातलं त्यांना नंतर काहीही आठवेना.

इस्पितळातले सगळे त्यांना मामा म्हणायचे. डॉक्टरसुद्धा, पेशंटसुद्धा. त्यामुळे बायकोलाही गल्लीत सगळे मामी म्हणायला लागले. ती हसून म्हणायची, "भाचे एवढे झालेत, आहेर मात्र एकाचा नाही."

मामींची बाग गच्चीवर होती आणि त्या बागेचं बहुतेक सामान इस्पितळातून आलेलं होतं. ऑपरेशनच्या साहित्याला गुंडाळलेलं निळं कापड पेशंट आत यायच्या आधीच काढून फेकतात. ते मामा घरी आणायचे, मामी त्याची कोवळ्या रोपांवर सावली करायच्या. तारीख उलटून गेलेले हातमोजे, घसा बघायच्या लाकडी पट्ट्या, जखम धुवायला वापरलेल्या सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, सलाइनच्या नळ्यांचे पाकीटही न फोडलेले जुने सेट. ह्या सगळ्याला मोठ्या सिस्टरांची परवानगी होती. मामांचा स्वतःचा नियम मात्र त्याहून कडक. माणसाला लागलेली एकही वस्तू घरी यायची नाही. मामी तरीही दर वेळी पिशवी उघडताना विचारायच्या, "हे कुणाला लावलेलं नाही ना?"

"नाही गं. कितीदा सांगू?"

"सांगा की. विचारलं तर काय झिजता का?"

बाटलीचा बुडाकडचा भाग मामी कापायच्या आणि ती तारेला उलटी टांगायच्या. वरून तांब्याने पाणी ओतायचं, खाली नळी, नळीचं टोक झाडाच्या बुंध्याशी, लाकडी पट्टीला दोऱ्याने बांधलेलं. सुई मामा आधीच काढून टाकायचे. मग रोलर फिरवून कुणाला भरभर, कुणाला सावकाश. एकदा मामींनी ग्लुकोजची बाटली नीट न धुता टांगली होती, तर गच्चीभर मुंग्यांची रांग लागली. तळमजल्यावरचा शिंपी तेव्हा वर आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मामी, तुमच्या पेशंटना भेटायला बरीच मंडळी आलीत."

ह्या शिंप्याचं आणि मामींचं रोज वाजायचं. गच्चीवरचं पाणी पन्हाळीतून त्याच्या दुकानाच्या कापडी छपरावर ठिबकायचं. "मामी, गिऱ्हाइकाच्या कोटावर डाग पडला तर भरून कोण देणार?" असं तो खालून ओरडायचा, आणि मामी वरून, "आधी कोट वेळेवर शिवून दे, मग डागाचं बघू!" संध्याकाळी मात्र दुकान बंद करून तो वर यायचा आणि उपड्या घमेल्यावर बसून मिरच्यांकडे मोजत असल्यासारखा बघत राहायचा. एकटा जीव होता.

बागेत पुदिना होता, टोमॅटो होते, मिरच्या, दोन गुलाब. पण मामींचा जीव होता तो लिंबोणीत. मुलगी शाळेत असताना पिळलेल्या लिंबातली एक बी मामींनी सहज कुंडीत खुपसली होती. ती उगवली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी संसाराला गेली, तरी लिंबोणी नुसतीच वाढत राहिली. फूल नाही, फळ नाही. कुंड्या तेवढ्या मोठ्या होत गेल्या. शेवटी भल्यामोठ्या पिंपात लावली. शिंपी म्हणायचा, "मामी, पत्रिका दाखवा हिची कुणाला तरी."

"तुझी दाखवून झाली का? आधी तुझं उरकू."

आणि ह्या उन्हाळ्यात लिंबोणीला फुलं आली. मग एका सकाळी मामा दाढी करत होते. तोंडाला अर्धा साबण असताना त्यांना दंडाला धरून वर नेलं मामींनी. फुलं गळून तिथे हिरवे मणी धरले होते, वाटाण्याएवढे. मामा म्हणाले, "बरं आहे."

"बरं आहे? एवढंच?"

"मग काय म्हणू?"

"काही नका म्हणू. पहिलं लिंबू पोरीला पाठवायचं. तुम्ही नजर लावू नका त्याला."

त्यानंतर महिना नाही झाला आणि मामींच्या छातीत दुखायला लागलं. वॉर्डात नाकाला नळी लावलेली असतानाही त्या मामांना बघितलं की विचारायच्या, "पाणी?"

"घातलं."

"लिंबोणीला?"

"तिलाही घातलं."

ते खरं होतं. ड्यूटीवर निघण्याआधी रोज वर जाऊन मामा सगळ्या बाटल्या भरत होते. रोलरला हात लावत नव्हते. कुणाला किती, ते मामींनी लावून ठेवलेलं होतं.

सगळं उरकलं. मुलगी आली होती, ती राहिली. माणसं येत होती, बसत होती, जात होती. मामा खुर्चीत बसून कुणी काय विचारेल त्याचं उत्तर देत होते. ऊन असं होतं की दुपारी खिडकीची कडी हाताला चटका देत होती. गच्ची एक जिना वर, पण तिथे जायचं मामांच्या मनात आलं नाही. खरं तर आलं, पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून ते परत फिरले. मुलीलाही कामातून उसंत मिळाली नाही.

तिच्या जाण्याचा दिवस जवळ आला तेव्हा ती गाद्या उन्हात टाकायला वर गेली. थोड्या वेळाने तिची हाक आली, "बाबा! वर या!"

हाकच अशी होती की मामा धावत गेले.

मुलगी पुदिन्याच्या कुंडीशी बसली होती. तिने पानांना हात लावला आणि त्यांचा चुरा झाला. टोमॅटोच्या काड्या दोऱ्याला बांधलेल्या तशाच उभ्या होत्या. मिरच्या झाडावरच वाळून लाल चामड्यासारख्या झाल्या होत्या. लिंबोणीची पानं पिंपाभोवती पडली होती आणि ते हिरवे मणी काळे होऊन त्यांच्यात मिसळले होते.

"बाबा, बाटल्यांत पाणी आहे," मुलगी म्हणाली. "बघा ना. निम्म्या भरलेल्या आहेत. पाणी वर आणि झाडं वाळलेली. कुणीतरी सगळे रोलर बंद केलेत."

मामांनी बघितलं. सगळे रोलर खाली ओढलेले होते. आणि प्रत्येक नळी पट्टीपासून सोडवून, वर दुमडून, तिचं टोक बाटलीच्या गळ्यात अडकवलेलं होतं. एकेक करून, ओळीने, नीटनेटकं.

"हा त्या शिंप्याचा उद्योग आहे," मुलगी उठली. "त्याच्या छपरावर पाणी पडायचं ना? आई होती तोवर हिंमत झाली नाही. आई गेल्यावर…"

"अगं थांब."

पण ती थांबली नाही. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मामा बाटल्यांसमोर उभे राहिले. त्यांनी एका नळीचं टोक सोडवून बघितलं. दुमड कुठे घ्यायची, किती घट्ट, टोक आतल्या बाजूने कसं खोचायचं. दुसऱ्या कुणाचा हात असा चालत नाही.

खालून आवाज यायला लागले. मामा कठड्याला धरून जिना उतरले.

शिंपी मशीनवर हात ठेवून उभा होता. त्याच्या गळ्यातली टेप एका बाजूने घसरली होती. "ताई, अहो मी कशाला बंद करू? मी दोनदा वर जाऊन आलो. लांबून बघितलं, बाटल्या भरलेल्या दिसल्या. म्हटलं, मामा पाणी घालताहेत, आपण कशाला मध्ये मध्ये करा. जवळ गेलो नाही हो मी. मामी नसताना तिथे…"

"खोटं बोलू नका. तुमचं आणि आईचं रोजचं भांडण सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"भांडण?" शिंपी म्हणाला. "ते भांडण होतं होय?"

मामा दारात आले होते. "त्याला काही बोलू नकोस. ते माझं काम आहे."

मुलीने वळून बघितलं. "तुमचं? तुम्ही बंद केलंत?"

"हो."

"का?"

मामांनी आठवून बघितलं. दोरीवरचे कपडे आठवले. त्याच्या अलीकडचं, पलीकडचं काही नाही. "कपडे न्यायला आलो होतो त्या दिवशी. हातानेच केलं. मला कळलं नाही." मग जरा थांबून त्यांनी समजावून सांगितलं, पेशंटच्या माणसांना सांगतात तसं. "वॉर्डात कसं असतं, माणूस गेलं की आपण पहिल्यांदा सलाइन बंद करतो."

शिंपी खाली बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला, पण दोरा काही नेढ्यात जाईना. मुलगी गिऱ्हाइकांच्या बाकावर टेकली. आल्यापासून सगळ्यांना पाणी देत, भांडी घासत, फोन घेत तिने स्वतःला धरून ठेवलं होतं. आता तिने तोंड भिंतीकडे केलं. मामा तिच्या शेजारी जाऊन बसले.

मग तिघंही वर गेले.

माती वाळून कुंडीच्या कडांपासून सुटली होती. वरून पाणी घातलं की ते बाजूने सरळ खाली जायचं. शिंप्याने कात्रीच्या टोकाने माती मोकळी केली, लहान कुंड्या उचलून पाण्याच्या टबात बसवल्या. मामांनी नळ्या पुन्हा पट्ट्यांना बांधल्या. बांधल्या खऱ्या, पण रोलर उघडताना त्यांचा हात अडला. माणसाला किती लावायचं, ते सिस्टर सांगतात. इथे सांगणारं कुणी नव्हतं.

"सगळ्यांना सावकाश ठेवा," मुलगी म्हणाली. "आई म्हणायची, तहानलेल्याला घटाघट देऊ नये."

लिंबोणीशी आल्यावर तिने अंगठ्याच्या नखाने शेंड्याजवळची साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं. "आई असंच बघायची. आत हिरवं लागलं तर जीव आहे. वर नसलं तरी खाली असतो कधी कधी. खालून परत फुटते." ती वाकली आणि बुंध्याकडे हात नेला.

"थांब," मामा म्हणाले. "आत्ता नको. आधी जरा पाणी पिऊ दे तिला."

"बाबा, साल खरवडली की कळतं. पाण्याने काय बदलणार?"

"असू दे. मग बघू."

तिने हात मागे घेतला. मग हळूच म्हणाली, "माझ्याबरोबर चला तुम्ही. नोकरी आता राहिलीय किती? खोली आहे आमच्याकडे. इथे एकट्याने काय करणार?"

"लिंबोणीचं काय ते कळू दे," मामा म्हणाले. "ती फुटली तर तिला टाकून येता येणार नाही. नाही फुटली तर येतो."

मुलगी गेली. मामा ड्यूटीवर जायला लागले. पहिल्याच आठवड्यात पुरुषांच्या वॉर्डात एक म्हातारे गेले. मामा कॉटशी गेले, रोलरला बोट लावलं आणि तसेच उभे राहिले. म्हाताऱ्यांचा मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

"सिस्टर," मामा म्हणाले, "आज एवढं तुम्ही करा."

सिस्टरने केलं. नळी तशीच लोंबत राहिली. मामांनी कपाटातून फडकं आणून खाली पडलेले थेंब पुसून घेतले.

संध्याकाळी ते गच्चीवर जायचे. दिवसभर लोकांशी जे बोलायचे तेच तिथेही तोंडातून निघायचं. नळीचं टोक मातीत खोचताना "जरा टोचेल हं" असं म्हणून जायचे. कुंडी उचलून सावलीला नेताना, "धरून ठेवा, वळतोय." एकदा शिंप्याने ते ऐकलं. एरवी त्याने त्यावर आठवडाभर चेष्टा केली असती. तो घमेल्यावर बसला आणि म्हणाला, "मामा, ह्यांना डिस्चार्ज कधी?"

"राउंड झाल्यावर," मामा म्हणाले. दोघांनाही थोडं हसू आलं.

पुदिना मुळाशी फुटला. तो मरत नाही, शिंपी म्हणाला, त्याचं काही खरं धरू नका. एका गुलाबाला लालसर डोळा आला. टोमॅटो आणि मिरच्या दोघांनी मिळून उपटल्या. काड्या बांधून शिंप्याने खाली नेल्या. जाताना तो लिंबोणीपाशी थांबला.

"ही?"

"ही राहू दे."

सुटीच्या दिवशी मामा एक ठरावीक काम करायचे. नाश्ता झाला की वर जायचे, हात धुवायचे आणि लिंबोणीची साल नखाने थोडीशी खरवडायचे. सुरुवात शेंड्यापासून केली होती. दर वेळी मागच्या खुणेच्या जरा खाली. आत तपकिरी निघायचं. मग ते खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवायचे, बाटली भरायचे आणि खाली यायचे. एका फांदीला काहीतरी ओलसर लागलं असं वाटलं, म्हणून त्यांनी चष्मा आणला. बोटाचंच पाणी होतं ते.

मुलीचा फोन यायचा.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

मामा काहीतरी सांगायचे. मग ती विचारायची, "बघितलं का?"

"वरचं बघितलं."

"आणि खालचं?"

"बघतो."

"बाबा, रंग लावून घेतला खोलीला. खिडकीत कुंडी ठेवता येईल अशी फळी पण मारून घेतलीय. तुम्ही एकदा काय ते बघून टाका ना. बुंध्याशी एकदा नख लावलं की झालं."

"हो. बघतो."

"किती दिवस बघतो बघतो म्हणणार?"

"अगं, घाई कसली आहे?"

पलीकडून तिच्या घरातला भांड्यांचा आवाज यायचा, कुणीतरी तिला हाक मारायचं. "बरं, ठेवते. पाणी घालताय ना तिला?"

"तिलाही घालतो."

उन्हाळा संपत आला. सकाळची हवा जरा गार व्हायला लागली. निळं कापड आता लागणार नव्हतं, म्हणून मामांनी ते काढून धुतलं, वाळवलं आणि घडी करून ट्रंकेत ठेवलं. लिंबोणीच्या फांद्यांचे शेंडे कटकट मोडायला लागले होते, ते त्यांनी कात्रीने छाटून टाकले. छाटता छाटता नुसतं मधलं खोड उरलं, हातभर उंचीचं, सालीवर नखांच्या खुणा असलेलं. त्याच्या बुंध्याशी थेंब पडत होता, सावकाश. शिंपी हल्ली तिच्याबद्दल काही विचारत नसे. तो आला की घमेलं तिच्याकडे पाठ होईल असं फिरवून बसायचा.

परवाच्या सुटीला मामांनी हात धुतले, गुडघे टेकून बसले आणि मागच्या खुणेच्या खाली नख लावलं. आत तपकिरी होतं. त्यांनी बाटली भरली, रोलर होता तसाच ठेवला आणि उठले.

मातीलगतचं चार बोटं खोड अजून खरवडायचं राहिलं आहे.